स्केलिगची वरात

"नवरा आहे?" कारभाऱ्याने विचारलं.

"नाही, साहेब."

"होता का कधी?"

"नाही."

"होण्याची काही शक्यता?"

तीन प्रश्नांत माझं सगळं आयुष्य आटोपून मिस्टर थॉर्नडाइकने लेखणी खाली ठेवली. लॉर्डसाहेबांच्या जमिनींचा कारभारी म्हणून तो नुकताच इंग्लंडहून आला होता. वय बत्तीस-तेहेतीस, गाल गुळगुळीत, आणि शर्टाची कॉलर इतकी कडक की खिडकीबाहेर बघायचं झालं तर त्याला खुर्चीसकट वळावं लागायचं. माणूस दुष्ट नव्हता. नियमाने वागायचं, एवढं त्याला लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं आणि ते त्याच्या अंगात मुरलं होतं.

नियम असा होता की एकट्या बाईच्या नावावर कुळाची जमीन राहणार नाही. जमीन कसायची ती संसारी पुरुषाने. ज्यांची जमीन जाईल त्यांनी अमेरिकेला जावं, जहाजाचं भाडं लॉर्डसाहेब भरतील. हे सांगून झाल्यावर तो जरा थांबला. लॉर्डसाहेबांचं मन केवढं मोठं आहे ते मला दिसावं म्हणून. मी डोळे बारीक करून पाहिलं, पण मला काही दिसलं नाही.

१८५१ साल होतं ते. त्याआधीची पाच वर्षं आम्ही आयर्लंडच्या माणसांनी कशी काढली ते मी सांगत बसणार नाही. बटाट्यावर रोग पडला, आणि बटाट्याशिवाय आमच्या ताटात दुसरं काही नव्हतं, एवढं सांगितलं की पुरे. सत्तेचाळीस साली सरकारने कायदा काढला की ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला मदत मिळणार नाही. जमीन सोडा आणि धान्य न्या. आमच्याकडे चार एकर होती. माझ्या वडिलांनी जमीन सोडली नाही, आणि त्या उन्हाळ्यात ते गेले. मी तेव्हा तापाने फणफणले होते. त्यांना चर्चमागच्या मोठ्या खड्ड्यात बाकीच्यांबरोबर ठेवलं, हे मला उठून बसता यायला लागल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं.

तेव्हा ती चार एकर म्हणजे माझ्यासाठी नुसती जमीन नव्हती. तिची किंमत मोजून झाली होती. ती मला कुणाच्याही मोठ्या मनासाठी सोडायची नव्हती.

"पंचवीस मार्चपर्यंत मुदत आहे," थॉर्नडाइक म्हणाला. "तोवर लग्न केलंत तर जमीन नवऱ्याच्या नावावर करून देता येईल."

"आता लग्न होत नाही, साहेब. कालपासून उपवासकाळ लागला." मी कपाळावरची राख दाखवली, राखेचा बुधवार कालच झाला होता. "आता ईस्टर होईपर्यंत फादर कुणाचं लग्न लावत नाहीत."

तो दुसऱ्या पंथाचा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. "मग तुम्हाला उशीर झाला," असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावण्यासाठी मान उचलली.

मला राग आला. आणि मला राग आला की मी थट्टा करते. ही खोड वडिलांची. मी म्हटलं, "इथे उशीर झाला, साहेब. स्केलिगवर नाही झाला."

आता स्केलिग म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या केरी परगण्याच्या किनाऱ्यावरून लांब समुद्रात एक सुळका दिसतो, काळा आणि उभा. त्यावर फार जुना दगडी मठ आहे. जुन्या मठवाशांचं पंचांग वेगळं होतं म्हणे. त्यामुळे उपवासकाळ तिथे काही दिवस उशिरा लागतो, असं गावात म्हणतात. म्हणजे इथे ज्यांचं लग्न हुकलं त्यांना तिथे अजून संधी आहे! यावरून दरवर्षी बिनलग्नाच्या मंडळींना गाव सळो की पळो करून सोडायचं. "कधी निघता स्केलिगला? बोट बांधली का?" कुणाला कुणाबरोबर पाठवायचं त्याच्या जोड्या लावायच्या, त्यांच्यावर गाणी रचायची, डबे बडवत घरापुढून वरात काढायची. जायचं कुणीच नाही. ती गंमत होती, आणि ती गंमत आहे हे गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं.

थॉर्नडाइकला माहीत नव्हतं.

"खरं आहे हे?" त्याने दाराकडे बघून विचारलं.

दारात मुकादम फ्लॉरी उभा होता. फ्लॉरी आमच्याच गावचा. कारभाऱ्याच्या हुकुमावरून घरं पाडायची आणि माणसं बाहेर काढायची, हे त्याचं काम. तीन वर्षं गावातल्या कुणी त्याच्याशी शब्द बोललं नव्हतं. बायका त्याला पाहून तोंड फिरवायच्या, त्यांत मीही होते. त्याने नुसतं हसून मान हलवली असती तरी माझं जहाज ठरलं होतं.

फ्लॉरीने छताकडे पाहिलं. "सगळा गाव तसंच म्हणतो, साहेब."

"तिथे चर्च आहे?"

"मठ आहे, साहेब. हजार वर्षांचा तरी असेल."

"आणि ज्यांना उशीर होतो ते तिथे जातात?"

"दरवर्षी गाव कितीतरी जणांना तिकडे पाठवतं, साहेब."

एक शब्द खोटा नव्हता. मठ होताच. त्यात शेवटचा माणूस सहाशे वर्षांपूर्वी राहत होता, पण ते साहेबांनी विचारलं नाही.

"आणि वर कोण?" थॉर्नडाइकने मला विचारलं.

याचा मी विचारच केला नव्हता. पण जीभ तयार होती. "फिनीन ओ'शे," ती म्हणाली.

तिचाही दोष नव्हता. फिनीन हा आमच्या गावचा नावाडी; त्या सुळक्यावर दीपगृह आहे, तिथल्या माणसांना पीठ आणि तेल पोचवायचा. माझं नाव गोबनेट शुग्रू, आणि मी अठराची झाल्यापासून गावाने प्रत्येक गाण्यात मला त्याच्याच बोटीत बसवलं होतं. इतकी वर्षं दोन नावं एकत्र ऐकली की त्यांचा एक शब्द होऊन बसतो. फिनीनने मात्र त्या सगळ्या वर्षांत माझ्याशी हवामानापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"उत्तम!" थॉर्नडाइक म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "कधी?"

"मंगळवारी," फ्लॉरीने परस्पर सांगून टाकलं.

"मग मी स्वतः येतो. मला जुन्या वास्तूंची फार आवड आहे. शिवाय माझ्या डोळ्यांदेखत झालं म्हणजे प्रश्नच मिटला."

मी बाहेर पडले. फ्लॉरी मागोमाग अंगणापर्यंत आला. "मी काही बोललो नाही हं, गोबनेट," तो हळूच म्हणाला.

"बोललास की."

"बरं वाटलं," असं म्हणून तो घाईघाईने आत गेला.

त्या संध्याकाळी मी मुर्टीला गाठलं. म्हातारा मुर्टी लग्नं जुळवायचा. दुष्काळाआधी त्याच्या बगलेतली व्हिस्कीची बाटली कधी रिकामी नसायची, कारण दोन्ही घरची मंडळी ती भरून द्यायची. गेल्या पाच वर्षांत त्याने एकही लग्न जुळवलं नव्हतं. बाटली मात्र अजून बगलेत होती, सवयीने.

माझी हकिगत ऐकून त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "म्हणजे नवरा ठरला, मुहूर्त ठरला, पाहुणासुद्धा ठरला. फिनीन काय म्हणाला?"

"त्याला अजून सांगितलं नाही."

"अगं, कारभाऱ्याला सांगितलंस आणि नवऱ्याला नाही?"

"कारभाऱ्याने विचारलं होतं. फिनीनने कुठे विचारलंय?"

मुर्टीला हे पटलं. "मी आजच जातो त्याच्याकडे."

"नको, मीच सांगेन," मी म्हटलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी दोनदा किनाऱ्यापर्यंत जाऊन शेवाळ गोळा करून परत आले. एवढं शेवाळ माझ्या शेताला खत म्हणून दहा वर्षं पुरलं असतं.

मग रविवार उजाडला, उपवासकाळातला पहिला. आमच्याकडे त्याला खडूचा रविवार म्हणतात. चर्चला जाताना बिनलग्नाच्या माणसाच्या पाठीवर, त्याला कळणार नाही अशा बेताने, खडूची रेघ ओढायची. म्हणजे मिस्सा, रविवारची प्रार्थना, चालू असताना मागच्या सगळ्यांना दिसतं की हा अजून उरलाय. या कामात माझ्या वडिलांचा हात कुणी धरला नसता. चर्चच्या भिंतीआड उभे राहायचे, आणि "काय थंडी आहे नाही!" असं म्हणत पाठ थोपटून सोडायचे. पाठ थोपटलेला माणूस आत गेला की त्यांचं हसणं बाहेरून ऐकू यायचं. मी त्यांची मुलगी, पण मलाही त्यांनी कधी सूट दिली नाही.

दुष्काळ आला आणि हे सगळं थांबलं. कुणी बंदी घातली नाही. लग्नं होईनात, माणसं राहीनात, मग कुणाच्या पाठीवर रेघ ओढणार? चर्चमध्ये पाच वर्षांत कुणी हसलेलं मला आठवत नव्हतं.

त्या रविवारी मी पुढच्या बाकाजवळ गुडघे टेकले. जरा वेळाने मागे कुणीतरी नाकातून आवाज काढला. मग दुसरं कुणीतरी. कुणाला सर्दी झाली असेल असं मला वाटलं. मग एका बाईने तोंडावर शाल दाबली, तिच्या खांद्यांकडे बघून शेजारणीला राहवेना, आणि हसू गवताला विस्तव लागावा तसं बाकाबाकांतून पसरत गेलं. मी हात मागे नेऊन पाठ चाचपली. बोटं पांढरी झाली.

माझे कान तापले. पण वळून पाहिलं तर पुरुषांच्या बाजूला फिनीन ओ'शे मान खाली घालून बसला होता, आणि त्याच्या रुंद काळ्या कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी रेघ. फादर मोलोनी वेदीकडे तोंड करून उभे होते. ते नेहमीपेक्षा बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि त्यांचेही खांदे हलत होते. मी रागावायचं ठरवलं होतं. पण मलाच हसू फुटलं.

मिस्सा संपल्यावर मी फादरना भेटले आणि सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. "मुली, तो सुळकाही याच धर्मप्रांतात येतो. तिथेही उपवासकाळ आपल्याबरोबरच लागतो. तिथे कुणी लग्न लावू शकत नाही, आणि मी तर मुळीच नाही."

"मला माहीत आहे, फादर."

"खोटं बोलणं पाप आहे."

"तेही माहीत आहे."

त्यांनी खड्ड्याच्या दिशेने पाहिलं. आता तिथे गवत उगवलं होतं. "ईस्टर संपला की पहिल्या सोमवारी मी मोकळा आहे," ते म्हणाले. "बाकी मी काही ऐकलं नाही."

मग मात्र पर्याय उरला नाही. मी किनाऱ्यावर गेले. फिनीन बोट उलटी करून तिच्या बुडाला डांबर लावत होता. रविवारी काम करू नये, पण त्याला हात रिकामे ठेवता येत नसत. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती हे उघड होतं. गावात ती न पोचलेला एकही माणूस नव्हता.

"मंगळवारी आम्हाला स्केलिगला न्यायचंय," मी म्हटलं.

"वारा नैर्ऋत्येचा आहे."

"कारभारीसाहेब बरोबर आहेत. आणि मुर्टी."

"लाटा असतील."

"फिनीन, तू हवामान सोडून काही बोलणार आहेस का?"

त्याने कुंचला डबीत बुडवला. मी घाईने म्हटलं, "खरं लग्न नकोय मला. नुसतं साहेबांपुढे हो म्हण. जमीन वाचली की तू मोकळा."

त्याचा हात थांबला. "मी खोटं बोलत नाही, गोबनेट."

हे खरं होतं. फिनीन कधी खोटं बोलत नाही हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्याच्याशी मासळीचा सौदा करणंसुद्धा अवघड व्हायचं, कारण मासा कालचा असला तर तो आधीच सांगून टाकायचा.

"मग येऊ नकोस," मी चिडून म्हटलं.

"येणार नाही असं मी म्हटलं नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा डांबर लावायला लागला.

मंगळवारी सकाळी सगळा गाव धक्क्यावर जमला. दुष्काळाआधी वरातीत जे डबे बडवायचे तेच डबे कुणीकुणी शोधून आणले होते. कारभाऱ्याला वाटलं ते त्याच्या स्वागतासाठी आहेत, त्याने टोपी उंचावली. बरोबर छत्री, घडीची खुर्ची आणि एक टोपली. फिनीन सुकाणूवर, शेजारचे दोघे वल्ह्यांवर, मुर्टी बाटली सांभाळत मध्ये, आणि मी माझ्या आईच्या निळ्या शालीत. एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं, पण मला तीच दिसत होती: धक्क्यापलीकडे दोन शेजाऱ्यांची बिनछपराची घरं. त्यांची माणसं शरद ऋतूतच जहाजावर चढली होती. फिनीन खरं बोलला, की तिसरं घर माझं.

खाडी ओलांडण्याआधीच थॉर्नडाइकने टोपली उघडून उकडलेली अंडी काढली. उपवासकाळात आम्हाला अंडीही वर्ज्य. पाच भुकेली माणसं बघत असताना त्याने चार अंडी मीठ लावून खाल्ली आणि आम्हालाही देऊ केली. मनापासून, हे मी कबूल करते. मुर्टीने डोळे मिटून नको म्हटलं.

टोकाला वळसा घातला आणि खरा समुद्र लागला. बोट वर चढायची आणि पोटातलं काही मागे ठेवून खाली यायची. थॉर्नडाइक आधी मठाच्या बांधकामाबद्दल बोलत होता. मग नुसता 'हो' म्हणू लागला. मग तेही थांबलं. त्याचा रंग पांढऱ्यावरून हिरव्यावर आला, कॉलर वाकली, आणि चारही अंडी समुद्रार्पण झाली. शेवटी तो बोटीच्या तळाशी आडवा झाला. मुर्टीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला शिडाच्या जुन्या कापडाखाली झाकलं आणि आईने लेकराला म्हणावं तसं "पडा हो साहेब, पडा" म्हटलं.

आता आम्ही एकटेच होतो. पायाशी कारभारी होता तेवढाच. फिनीनची नजर लाटांवर. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "मुर्टी, रविवारी माझ्या पाठीवर रेघ तुम्हीच ओढलीत ना?"

"सगळ्या संतांची शपथ, मी नाही! मी फक्त फिनीनच्या ओढली. खडा चर्चच्या भिंतीवर आयता ठेवलेला सापडला. तुझ्या पाठीवर आधीच होती."

"मग माझ्या पाठीवर कुणी?"

एक लाट आली आणि गेली.

"मी," फिनीन म्हणाला.

वल्ह्यांवरचे दोघे वल्ही मारायचे थांबले. मी त्याच्याकडे बघतच राहिले. "तू? का?"

"दुसरं कसं विचारायचं ते सुचेना."

"इतक्या वर्षांत सुचलं नाही?"

"आधी धीर नव्हता." त्याने सुकाणू जरा वळवलं. "धीर आला तेव्हा दुष्काळ आला. मग विचारण्यासारखं काही राहिलंच नाही. तुला वाटलं असतं, चार एकरासाठी विचारतोय."

"आणि आता?"

"आता तू चार एकरासाठी विचारलंस. तेव्हा म्हटलं, निदान एकाने तरी दुसऱ्या कारणासाठी विचारावं."

आयुष्यात त्याने एका दमात एवढं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "मी खोटं बोलणार नाही," तो म्हणाला, "म्हणून आत्ताच विचारतो, धक्क्यावर पोचायच्या आधी. मला नवरा म्हणून पत्करशील का?"

मला फार जोरात हो म्हणायचं होतं. "पत्करते," मी कसंबसं म्हटलं.

"मीही तुला पत्करतो. फादर म्हणतील त्या दिवशी पुन्हा म्हणेन."

मुर्टी लहान मुलासारखा रडायला लागला. पाच वर्षांनी एक लग्न जुळलं, आणि त्यात त्याने काही केलं नव्हतं.

"पोचलो का?" कापडाखालून क्षीण आवाज आला.

पोचलो होतो. सुळका समोर उभा होता, आणि लाटा त्याच्या पायऱ्यांवर घराएवढ्या उंच चढून कोसळत होत्या. वरून दीपगृहवाल्याने दोन्ही हात हलवून परत जा अशी खूण केली. "उतरता येणार नाही," फिनीन म्हणाला आणि बोट वळवली. कापडाखालून कुणी तक्रार केली नाही.

धक्क्यावर गाव तसाच उभा होता. फिनीनने आणि मी दोन्हीकडून धरून थॉर्नडाइकला वर चढवलं. पायाखाली दगड लागल्यावर त्याला कारभारी असल्याचं आठवलं. त्याने कॉलर सरळ केली. पुढे फ्लॉरी वही घेऊन उभा होता.

"लग्न झालं?" फ्लॉरीने विचारलं, त्याला विचारावंच लागलं.

सगळे डबे गप्प झाले. थॉर्नडाइकने फिनीनकडे पाहिलं, आणि मी माझ्या घराच्या छपराकडे.

"साहेब," फिनीन सावकाश म्हणाला, "हिने मला नवरा म्हणून पत्करलं आणि मी हिला बायको म्हणून. समुद्रावर, तुमच्या उशाशी."

थॉर्नडाइक गोंधळला. आपण तिथे होतो, पण आपल्याला काही आठवत नाही. हे कबूल करायचं तर बाकीचंही कबूल करावं लागणार. त्याने घसा खाकरला. "अर्थातच," तो मोठ्याने म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. फारच हृद्य प्रसंग होता. आणि मठही अप्रतिम आहे. मुकादम, जमीन ओ'शेच्या नावावर करा."

त्या दिवशी आमच्यात खोटं बोललेला तो एकटाच.

तो बग्गीकडे निघाला आणि गावाने वाट करून दिली. त्याची पाठ आमच्याकडे झाली तेव्हा मला दिसलं: उंची काळ्या कोटावर मानेपासून खाली पांढरीशुभ्र रेघ. मुर्टी आकाशाकडे बघत होता. "बिनलग्नाचाच आहे ना तो?" तो पुटपुटला. फादरपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे गाल चावत उभे होते. बग्गी वळणाआड गेली आणि मग धक्का हादरला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. फ्लॉरी कोपऱ्यात एकटाच हसत होता, ते पाहून एक बाई त्याच्या हातात डबा देऊन म्हणाली, "बडव की आता." तीन वर्षांत त्याच्याशी बोललेली ती दुसरी.

गर्दी पांगल्यावर मी मुर्टीकडून तो खडा मागून घेतला. शाळेतला खडू असेल असं मला वाटलं होतं, पण तो जड होता, ओबडधोबड.

"कुठे मिळाला तुला हा?" मी फिनीनला विचारलं.

तो दोर गुंडाळू लागला. "चुना आहे तो," तो म्हणाला. "सत्तेचाळीस साली खड्ड्यावर टाकायला मीच बोटीतून आणला होता. तुझ्या वडिलांना ठेवलं त्या दिवशी हा एक खडा उरला. टाकवेना. कोरड्या डब्यात तसाच ठेवला."

मी खडा मुठीत धरला.

"खडूच्या रविवारी ते किती हसायचे," फिनीन म्हणाला. "मला वाटलं, त्या चुन्याचा एकदा तरी त्यांच्यासारखा उपयोग व्हावा."

मी तिथेच धक्क्यावर बसून रडले. वडील गेल्यापासून मी रडले नव्हते; तापात होते, आणि मग वेळ झाला नाही. फिनीन शेजारी उभा राहिला आणि त्याने हवामानाबद्दलही काही म्हटलं नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी फादरनी आमचं लग्न लावलं. चार एकर अजून आमच्याच घरात आहे. धाकटा मुलगा कसतो. तो खडा चुलीवरच्या फळीवर राहिला. दर खडूच्या रविवारी गावातल्या पोरांच्या पाठी रंगवून तो झिजत झिजत बोराएवढा झाला.

फिनीन यंदा फेब्रुवारीत गेला. त्याला लग्नातला काळा कोट घातला, आणि मी शेजारणींना जरा बाहेर थांबायला सांगितलं. मग त्याला कुशीवर केलं आणि फळीवरचा खडा घेऊन पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ ओढली. तो एकटाच चालला होता. तिथे त्याची गणती बिनलग्नाच्यांतच होणार. आणि तिथे कुठल्यातरी भिंतीआड माझे वडील उभे असणारच. मी पोचेपर्यंत त्यांना हसायला कुणीतरी हवं.